डोमाजी, मुक्काम मांगुराचं पोट

११ सप्टेंबर २०२४, अमरावती

आज खोटं बोलले, आणि तेही एका विद्यार्थिनीशी. साठी उलटल्यावर माणसाने निदान नवीन सवयी लावून घेऊ नयेत.

सकाळी विद्यापीठातून रूपालीचा फोन आला. ही माझी विद्यार्थिनी नव्हे, माझ्या हाताखाली शिकलेल्या नितेशची विद्यार्थिनी. म्हणजे नात्याने नातच. वऱ्हाडातल्या नद्यांमधल्या माशांच्या पोटात जे चपटे कृमी सापडतात, त्यांची ती नव्याने वर्गवारी करते आहे. आम्ही सूक्ष्मदर्शकातून अवयव बघून जाती ठरवल्या. ती अवयव बघते आणि वर डीएनए वाचते. मोठ्या अदबीने म्हणाली, "मॅडम, डोमाजीआयची मूळ स्लाइड तुमच्याकडे आहे का? विभागात शोधली, नाही मिळाली."

मी म्हटलं, "बघावी लागेल. निवृत्तीच्या आवराआवरीत कुठे गेली कोण जाणे."

स्लाइड माझ्या कपाटात, दुसऱ्या खणात, बाबांच्या चष्म्याच्या डबीत आहे. फोनवर बोलत होते तेव्हा माझी पाठ त्याच कपाटाला टेकलेली होती.

१२ सप्टेंबर

माझ्यामागे ही वही कोणी उघडलीच, तर त्याला कळावं म्हणून लिहून ठेवते. डोमाजीआय हा एक चपटा कृमी आहे. लांबी माझ्या करंगळीच्या नखाएवढी, राहायला मांगूर माशाच्या आतड्यात. १९८९ साली अकोल्याच्या प्रयोगशाळेत मी तो नवी जात म्हणून जाहीर केला. नवीन जातीला नाव द्यायचा मान शोधणाऱ्याचा. आमच्या लोकांत त्याचीही रीत होती. पहिला कृमी गुरूंच्या नावाचा, दुसरा गुरूंच्या गुरूंचा, मग जिल्हा, मग गाव. एकाने तर सासऱ्याचं नाव दिलं होतं, आणि सासरे वर्षभर जावयाशी बोलले नव्हते.

मीही रीतीप्रमाणे चंद्रभान धर्माळे सरांकडे गेले. सर म्हणाले, "माझ्या नावाचे चार किडे झाले, पोरी. माझं पोट भरलं. तू बापाचं नाव दे."

बाबांचं नाव डोमाजी खंडारे. शिक्षण दुसरी. अकोल्याला जिनिंग-प्रेसिंगमध्ये दाबलेल्या रुईच्या गठाणी आवळून बांधायचं काम, बत्तीस वर्षं.

१५ सप्टेंबर

आज रविवार. खालच्या क्लासची पोरं नाहीत, त्यांच्या गाड्याही नाहीत. गल्ली शांत आहे आणि डोक्यात अकोला सुरू आहे.

ती प्रयोगशाळा म्हणजे एक लांबट खोली, कौलारू. सगळीकडे लवंगाच्या तेलाचा वास, कारण रंगवलेला कृमी पारदर्शक करायला आम्ही लवंगाचं तेल वापरायचो. आजही मसालेभात केला की मला सर आठवतात. नत्थुजी आमचा प्रयोगशाळा परिचर. सकाळी तो बाजारातून सुंदराबाई भोईणीकडून मांगूर आणायचा. मासा उघडायचा, आतडं कोमट मिठाच्या पाण्यात सोडायचं, की ते पांढरे जीव वळवळत बाहेर यायचे. मग त्यांना दोन काचांच्या मध्ये ठेवायचं, वरून दोरा बांधायचा आणि औषधात बुडवायचं. दुसऱ्या दिवशी दोरा सोडायचा. कृमी कागदासारखा सपाट झालेला असतो, मग रंगवला की आतले अवयव दिसतात. दोरा कसा बांधायचा, हीच त्यातली कला. सैल राहिला तर काही दिसत नाही, घट्ट झाला तर सगळंच चेपतं. माझ्या हाताखालच्या किती पोरांना मी ह्या एका दोऱ्यावरून रडवलं आहे.

ज्या दिवशी डोमाजीआय मिळाला, त्या दिवशी बाबा डबा घेऊन आले होते. माझी सकाळची गाडी चुकायला नको म्हणून मी डबा न खाताच पळाले. अमरावतीला फेलोशिपचा फॉर्म भरायची शेवटची तारीख होती.

बाबांना नाव सांगितलं तेव्हा ते खाटेवर बसून चहा पीत होते. पहिलं वाक्य, "किड्याले माहं नाव?" मग थोड्या वेळाने, "आपण छप्पन साली जात सोडली, अन् तू नवीन जात काढून राहिली?" इतकं हसले की चहा सांडला. पण पेपर छापून आला तेव्हा त्याचं पहिलं पान फ्रेम करून आणलं आणि बाबासाहेबांच्या फोटोच्या जरा खाली, मान राखून, लावलं. इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं, पण आपलं नाव कुठल्या ओळीत आहे ते बोटाने बरोबर दाखवायचे. पाहुण्यांना सांगायचे, "हा माह्या हातचा आहे."

मी म्हणायची, "बाबा, हातचा नाही, नावाचा."

ते म्हणायचे, "तेच ते." आणि दर वेळी पुन्हा "हातचा"च म्हणायचे. मला प्राध्यापिका म्हणून त्याचा राग यायचा.

२२ सप्टेंबर

रूपाली घरीच आली. तिवशाची मुलगी आहे, घरची भाजीपाल्याची शेती. येताना पिशवीभर वांगी आणि कोथिंबीर घेऊन आली. अशा माणसाला दारातून परत कसं पाठवणार?

तिने टेबलावर कागद पसरले. दोन वर्षांत पूर्णेचे एकशे बारा मांगूर तपासले तिने. देशी मांगूर आता सहज मिळत नाही, गांधीग्रामच्या भोयांना आधी सांगून ठेवावं लागतं. त्यातून साठ कृमी मिळाले. साठही जणांचा डीएनए एकसारखा, आणि तो शंभर वर्षांपूर्वी नोंदलेल्या जुन्या जातीशी जुळतो. डोमाजीआय एकही नाही.

मी म्हटलं, "नदी बदलली. संपला असेल."

"संपला असू शकते, मॅडम. पण तुमच्या चित्रात अंडाशय पसरलेलं आहे, मान दिसतच नाही, डोकं चपटं आहे. बाकी सगळं त्या जुन्या जातीसारखं. एकदा स्लाइड पाहिली असती तर..."

"स्लाइडमधून डीएनए निघत नाही."

"नाहीच निघत. डीएनएसाठी नाही, मले डोळ्यांनीच पाहायची आहे. जाडी मोजायची आहे."

मला माहीत होतं ती काय विचारते आहे: कृमी जास्त चेपला गेला होता का. मी तिला ऐकवलं की आजकालच्या पोरांना सूक्ष्मदर्शकात दोन तास बसवत नाही, सगळं मशीनला विचारायची सवय. ती खाली मान घालून ऐकत होती. मग म्हणाली, "मॅडम, मी तुमचा पेपर पाडाले नाही आली. तुम्हीच तो पाहून सांगा, एवढंच."

जाताना तिने चहाचा कप विसळून ठेवला. मला माझीच लाज वाटली, पण स्लाइड काही दिली नाही.

वांगी चांगली निघाली.

२३ सप्टेंबर

सकाळी डबी काढली. घरी माझा जुना सूक्ष्मदर्शक आहे, त्याचा आरसा खिडकीकडे वळवला. पस्तीस वर्षांनी बाबांच्या नावाचा कृमी पुन्हा पाहिला. रंग जरा विटला आहे, बाकी तोच.

कडेला फाटला आहे. अंडी एका बाजूला ढकलली गेली आहेत. मान नाही असं मी लिहिलं होतं. मान आहे, डोक्यात चेपून गेली आहे. हे मला तेव्हा दिसलं नाही, की मी पाहिलं नाही? तेव्हा सव्वीस वर्षांची होते, फेलोशिप हवी होती, नोकरीच्या मुलाखतीआधी एक पेपर हवा होता. आणि सरांनी बघून "छाप" म्हटलं होतं. सर इतके चोखंदळ, त्यांना शंका असती तर छापूच दिलं नसतं. त्या काळी दाबाचा एवढा फरक पडतो हे कुणाला ठाऊक होतं?

आता असं होईल. रूपाली पेपर लिहील आणि डोमाजीआय जुन्या नावात बुडवला जाईल. आमच्या भाषेत त्याला बुडवणंच म्हणतात. सासऱ्यांचं, जिल्ह्याचं, गुरूंचं, कुणाचंही बुडालं असतं तर मी दोन दिवस कुरकुरले असते. हे बाबांचं आहे. वस्तीत त्यांच्या पिढीत कुणाचं नाव कशावर नाही. रस्त्यावर नाही, दगडावर नाही, सातबाऱ्यावरही नाही. एका किड्यावर होतं.

२४ सप्टेंबर

जुनी नोंदवही काढली. त्या दिवसाच्या ओळीत चार कृमी, चार स्लाइड्स. 'बांधणी' ह्या रकान्यात माझी आद्याक्षरं, पण ती दुसऱ्या दिवशीच्या शाईत, म्हणजे नंतर भरलेली. पुढे माझ्याच अक्षरात: "दोरा सुटेना. ब्लेडने कापला."

बरोबर. मी त्या दिवशी अमरावतीला होते, मी बांधलेच नव्हते. निघताना नत्थुजीला सांगून गेले होते, आणि दुसऱ्या दिवशी असला दोरा पाहून त्याला चांगलं फैलावर घेतलं होतं. तो नुसता बाबांकडे बघत उभा राहिला होता. बाबा दुसऱ्या दिवशीही डबा घेऊन आले होते.

म्हणजे चूक नत्थुजीची. हे लिहून बरं वाटायला हवं होतं.

२ ऑक्टोबर, अकोला

अनुपकडे आले आहे. माझा धाकटा भाऊ, बाबांच्याच घरात राहतो. घरावर आता स्लॅब आहे, पण फ्रेम त्याच भिंतीवर. काच पुसलेली असते. अनुपची सून रोज पुसते म्हणे.

जेवताना मी सहज म्हटलं, "अन् हे नाव उद्या रद्द झालं तर?"

अनुपने भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "रद्द म्हंजे? कोन करते?"

"विज्ञान करतं. तपासतात पुन्हा."

"बाबाचं नाव काढून टाकतीन काय?"

"तसं नाही रे." मी विषय बदलला. एका महिन्यातलं हे माझं दुसरं खोटं. बाबा रोज संध्याकाळी आम्हाला समोर बसवून पंचशील म्हणायचे. चौथं शील खोटं न बोलण्याचं. तिथे आलं की ते माझ्याकडेच बघायचे, कारण अनुप लहान होता आणि मी हुशार होते.

३ ऑक्टोबर, अकोला

नत्थुजीकडे गेले. वय अठ्ठ्याहत्तर, दिसतं कमी, ऐकू मात्र ठणठणीत येतं. आवाज ऐकूनच म्हणाला, "संध्याबाई होय ना? या, बसा. मासे सोडले काय अजून, का पकडूनच राहिल्या?"

खरं सांगायचं तर मी भांडायच्या तयारीने गेले होते. नोंदवहीचं पान घेऊन गेले होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला पस्तीस वर्षांपूर्वीच्या दोऱ्याचा जाब विचारायला! पान वाचून दाखवलं. तो ऐकत राहिला, मग तोंडावर हात ठेवून हसायला लागला.

"बाई, तो दोरा माहा नोता."

"मग कुणाचा?"

"तुमी गेल्या फारम भराले. मले सरानं बँकेत धाडलं. तुमचे बाबा बसले होते स्टुलावर. मी त्याईले म्हनलं, हे काचा तेवढ्या पाहा, मी येतो, मंग बांधतो. येऊन पाहतो तं चारही बांधून तयार. म्हने, 'हे तं मी जलमभर करून राहिलो, दाबायचं अन् बांधायचं. तुमची बाई वाट पाहत बसली असती.' दोन वेढे, एक पीळ, दोऱ्याची शेपूट खाली दडपलेली. गठाण बांधतात ना, तशी. काच कशी नाही फुटली, तेच नवल."

मी हातातल्या पानाची घडी घातली.

"दुसऱ्या दिवशी तुमी मले लय बोलल्या. बाबा तिथंच उभे. त्याईनं मले आधीच सांगतलं होतं, पोरीले सांगू नको, रागावंल. मंग मी काहून सांगू? तुमचा राग तं आमाले रोजचाच होता."

"सरांना माहीत होतं?"

"सरानं तो कापलेला दोरा पाहला अन् मले इचारलं. त्याईच्यापाशी मी कधी लपवलं नाही. सर लय वेळ काचेतून पाहत बसले. मंग हासले. म्हने, 'जाऊ दे नत्थू, पोरीची मुलाखत आहे.'"

सरांना नोकरीच्या मुलाखतीची काळजी होती, तेवढाच त्याचा अर्थ. कृमीचा आणि मुलाखतीचा तिथे काय संबंध? सर असं कधी करणार नाहीत. नत्थुजीची आठवणही आता वयाने इकडची तिकडे होत असेल.

निघताना मी नत्थुजीची माफी मागितली. तो म्हणाला, "कशाची?" आणि चहा पिऊन जा म्हणून अडून बसला.

परतीच्या एसटीत रडले. शेजारच्या बाईने विचारलं, "कोनी गेलं का?" मी म्हटलं, "नाही, सापडलं." ती जरा सरकून बसली.

७ ऑक्टोबर, अमरावती

रूपालीला बोलावलं, डबी तिच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं. पहिल्या दिवशीचं खोटंही सांगितलं.

ती डबी उघडून बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, आता समजूत घालेल. ती म्हणाली, "मॅडम, हे पेपरात असं नाही लिहिता येणार. पस्तीस वर्षांपूर्वी कोणी तरी घट्ट बांधलं, हे ऐकीव झालं. सिद्ध करावं लागन."

मला ती पोरगी त्या क्षणी फार आवडली.

"एकाच माशातले किडे घेऊ," ती म्हणाली. "अर्धे काचेच्या नुसत्या वजनानं सपाट करू, अर्धे त्या गाठीनं आवळू. प्रत्येकाच्या शेपटीचा तुकडा डीएनएसाठी आधीच काढून ठेवू. डीएनए एक निघाला अन् रूप दोन निघाले, तर झालं. पण ती गाठ कोणाले येते?"

मला येते. वसतिगृहात जाताना माझी ट्रंक बाबाच बांधून द्यायचे, आणि बांधताना माझ्याकडून दहादा घोटून घेतलं होतं. बांधता येते, सोडता मात्र कधी आली नाही. बाबा म्हणायचे, "शेपूट शोध, तिले ओढ, आपोआप सुटते." मला धीर नव्हता. मी दर वेळी कापायची आणि ते नवा दोर आणायचे.

बाबांचं नाव पुसायचं, तर त्यांच्याच गाठीने. मी हो म्हटलं.

२१ ऑक्टोबर

मासे आले. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत लवंगाचा वास नाही, एसी आहे. रूपालीने एका मांगुराचं आतडं उघडलं. तेरा कृमी. एकाचं डोकं फाटलं, तो बाजूला ठेवला. उरलेले बारा निम्मे-निम्मे वाटले.

सहा मी बांधले. पहिल्या दोन वेळा बोटं अडखळली. तिसऱ्याला त्यांना आपोआप आठवलं: दोन वेढे, एक पीळ, शेपूट खाली. बाबा गठाणीला गुडघा द्यायचे, मी अंगठा दिला. रूपाली फोनवर व्हिडिओ काढत होती. म्हणाली, "मॅडम, तुमचे ओठ हालत आहेत." बांधताना बाबांचेही हलायचे.

रूपालीने दोन गटांच्या बाटल्यांना नावं लावली. एकीवर 'सैल'. दुसरीवर काय लिहू विचारलं. मी सांगितलं, 'डोमाजी' लिही.

२२ ऑक्टोबर

ती ब्लेड घेऊनच बसली होती. मी म्हटलं, थांब.

चष्मा लावला, सुईच्या टोकाने दोऱ्याखाली चाचपलं. शेपूट तिथेच होती, जिथे ते सांगायचे तिथे. ओढली. दोन्ही वेढे सुटून काचेवर पडले. एकसष्ट वर्षांची झाले तेव्हा एकदाची ती गाठ मला सुटली.

रंगवून, धुऊन, दुपारी सूक्ष्मदर्शकाखाली घेतले. 'सैल' बाटलीतले सहाही जुन्या जातीचे, पुस्तकातल्यासारखे. मग दुसरी बाटली. मान डोक्यात गेलेली, अंडाशय दोन्ही बाजूंना पसरलेलं, कडेला बारीक फाट. मी माझं १९८९चं चित्र शेजारी धरलं. रेघ न् रेघ तीच.

डोमाजीआय कुठे संपला नव्हता. पूर्णेत तो कधी नव्हताच. त्या कौलारू खोलीत, स्टुलावर बसून, लेकीचं काम हलकं व्हावं म्हणून बाबांनी तो केला होता. मी रूपालीसमोरच रडले आणि तिने मला रडू दिलं.

१४ नोव्हेंबर

डीएनए आला. बाराही एकच. पेपर तयार आहे. लेखकांत माझंही नाव आहे, मी सही केली.

अनुपला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हंजे बाबा पाहुण्याईले खरंच सांगत होते."

"हो."

"अन् तू त्याईले दर वेळी टोकत होती."

"हो."

"फ्रेम राहू देतो मंग," तो म्हणाला.

१८ नोव्हेंबर

मूळ स्लाइड आज संग्रहालयासाठी पाठवायची होती. यापुढे ती कुणालाही पाहता येईल. चष्म्याच्या डबीत राहणार नाही. रूपालीने जुनं लेबल तसंच ठेवून शेजारी नवीन चिकटवलं: नदी, मासा, जात, तारीख. जातीच्या पुढे तिने ते जुनं, खरं नाव लिहिलं. मग पेन माझ्याकडे दिलं. शेवटचा रकाना रिकामा होता, 'बांधणी'. जुन्या लेबलावर तिथे माझी आद्याक्षरं होती. ती मी एका रेघेने खोडली, आणि नव्यावर सावकाश, दुसरी शिकलेल्या माणसालाही लावता येईल अशा मोठ्या अक्षरात लिहिलं: डोमाजी खंडारे.

हातचाच होता, बाबा. नावाचा नव्हता.